कायद्याचा अभ्यास करताना मन सांभाळायचं तर कामाचा क्रम कोणता?

कायद्याचे विद्यार्थी मनाची काळजी घेत नाहीत असं नाही. घेतात, पण उलट्या क्रमाने. परीक्षा दहा दिवसांवर आणि झोप चार तासांवर आली की मोबाइलवर ध्यानाचं अ‍ॅप येतं. त्याने फरक पडत नाही, म्हणून नवं वेळापत्रक बनतं. ते दुसऱ्याच दिवशी मोडतं आणि 'आपल्यातच दम नाही' असा निष्कर्ष निघतो. समुपदेशकाचा विचार येतो तो सगळ्यात शेवटी, बहुतेकदा निकाल लागल्यावर.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. आधी धोका तपासायचा, मग मोजायचं, मग झोप सुधारायची, मग अभ्यासाचा भार आणि त्यानंतर विचारांकडे वळायचं. अपुऱ्या झोपेच्या डोक्याने विचारांशी झगडायला गेलात तर हराल. मदत घेण्याचा भाग लेखात शेवटाकडे आहे, पण त्यासाठी शेवटपर्यंत थांबायचं नाही. कोणत्याही टप्प्यावरून थेट तिथे जा.

पूर्वतयारी: सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात

अडचण आल्यावर माहिती शोधायची ताकद उरत नाही, म्हणून हे आधी करून ठेवा:

- एक साधी वही. अ‍ॅप चालेल, पण मोबाइल उघडला की बाकी सगळंही उघडतं.
- सत्रातल्या सगळ्या तारखा एकाच पानावर: अंतर्गत चाचण्या, मूटच्या (सराव-न्यायालयाच्या) मेमोरिअलची, म्हणजे लेखी युक्तिवादाची मुदत, इंटर्नशिपचे अर्ज, तोंडी परीक्षा. दोनपेक्षा जास्त मुदती एकाच आठवड्यात येत असतील तर तो आठवडा आताच रंगवून ठेवा.
- तीन फोन नंबर: कॉलेजचा समुपदेशक, आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइन आणि रात्री दोन वाजता फोन उचलेल असं एक माणूस. त्या माणसाला तसं सांगूनही ठेवा.
- कॉलेजचे लेखी नियम: उपस्थितीत वैद्यकीय सवलत कशी मिळते, परीक्षा पुढे ढकलता येते का, अर्ज कोणाकडे आणि किती दिवसांत करायचा. पक्षकारासाठी नियम शोधून काढणारी मुलं स्वतःला लागू असलेले नियम कधीच वाचत नाहीत, ही नेहमीची गोष्ट.

टप्पा १: धोका आहे का, हे पाहा

पुढीलपैकी एकही गोष्ट खरी असेल तर बाकीचा लेख बाजूला ठेवा: मरण्याचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात, त्याची पद्धत किंवा वेळ मनात ठरली आहे, कित्येक रात्री झोप जवळपास नाही तरी थकवा वाटत नाही आणि डोकं भन्नाट वेगाने चालतं, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात, खाणंपिणं जवळपास थांबलं आहे.

अशा वेळी एकटं राहू नका. ठरवून ठेवलेल्या माणसाला बोलावा, इजा करता येईल अशा वस्तू त्याच्या ताब्यात द्या आणि हेल्पलाइनला फोन करा. पद्धत किंवा वेळ ठरलेली असेल तर थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा. उद्याची चाचणी बुडाली तरी चालेल.

मित्राबद्दल शंका असेल तर स्पष्ट विचारा: 'तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?' असं विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर गुप्त ठेवण्याचं वचन देऊ नका.

टप्पा २: दोन आठवड्यांची मोजणी

'खूप टेन्शन आहे' यावरून काहीच ठरवता येत नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या दोन मोफत प्रश्नावल्या आहेत: नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७. दोन्हींमध्ये गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात आणि प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात. पहिलीत एकूण २७, दुसरीत २१. दोन्हींपैकी कोणत्याही एकीत १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यात शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही कमी असो, टप्पा १ कडे परत जा.

दर दोन आठवड्यांनी, ठरलेल्या वारी, पाच मिनिटांत भरा. त्यासोबत रोज तीनच आकडे लिहा: झोपेचे तास, घराबाहेर चाललेली मिनिटं, दहापैकी मनःस्थिती.

इथे कायद्याच्या विद्यार्थ्यांची एक खास चूक होते. 'काही दिवस' म्हणजे नेमके किती, 'त्रास' या शब्दाची व्याप्ती काय, असा कीस काढत ते प्रत्येक उत्तर एका गुणाने खाली आणतात. ही प्रश्नावली म्हणजे कायद्याचं कलम नाही. पहिलं सुचेल ते उत्तर लिहा.

*तपासा:* आलेले गुण म्हणजे निदान नव्हे. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय आणि काही औषधं यांमुळेही थकवा, उदासी, धडधड होते. गुण चढेच राहिले तर साध्या डॉक्टरकडून रक्ततपासणीही करून घ्या.

टप्पा ३: आधी झोप

हा टप्पा किरकोळ समजून बहुतेक जण सोडतात आणि पुढचे सगळे टप्पे त्यामुळेच फसतात. प्रौढ माणसाला साधारण ७ ते ९ तास झोप लागते. वाचलेलं स्मृतीत पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं. त्यामुळे रात्रभर जागून वाचलेले खटले सकाळी नावापुरते आठवतात, त्यातलं तर्कशास्त्र आठवत नाही. कायद्याच्या पेपरात तर गुण त्याच तर्काला असतात.

१. उठण्याची वेळ ठरवा, झोपण्याची नव्हे. ती सुट्टीच्या दिवशीही एका तासापेक्षा जास्त हलवू नका. झोपायची वेळ आपोआप मागून येते.

२. चहा, कॉफी, एनर्जी ड्रिंक झोपेच्या आठ तास आधी बंद. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सातच्या कॉफीचा अर्धा परिणाम मध्यरात्रीनंतरही शिल्लक असतो.

३. अंथरुणावर अभ्यास नाही. वसतिगृहाच्या खोलीत पलंगाखेरीज जागा नसेल तर दिवसा त्यावर वेगळी चादर टाका आणि उशीच्या उलट्या टोकाला बसा. हास्यास्पद वाटेल, पण 'ही जागा झोपेची' हा संकेत मेंदूला हवा असतो.

४. अंदाजे २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठा. मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ पाहत लोळत राहिल्याने अंथरूण आणि अस्वस्थता यांची जोडी घट्ट होते.

५. दुपारची डुलकी २० मिनिटांची, दुपारी तीनच्या आत.

सावधान: दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते. मित्राच्या झोपेच्या गोळ्या घेऊ नका. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री नीट झोप लागत नाही, असं तीन महिने चाललं असेल तर तो जुनाट निद्रानाश आहे. त्यावर निद्रानाशासाठीची खास वर्तनोपचार पद्धत उपलब्ध आहे, ती मागा.

दोन आठवडे ठरल्या वेळी उठणं जमलं की पुढे चला. परीक्षा अगदी तोंडावर असेल तर तीन दिवस पुरे, पण शून्य दिवस नकोत.

टप्पा ४: अभ्यासाचा भार मोजा आणि कापा

आठवड्याचे तास १६८. त्यातून झोपेचे ५६, तासिका, प्रवास, जेवण, आंघोळ, घरची कामं वजा करा. उरेल तो खरा आकडा. तो तुमच्या कल्पनेपेक्षा लहान निघेल.

आता वाचनाचा वेग मोजा. एखाद्या निकालपत्राची दहा पानं टिपणं काढत वाचा आणि वेळ लिहा. त्या हिशेबाने या आठवड्याच्या यादीतल्या पानांना किती तास लागतील ते काढा. उरलेल्या तासांत यादी बसत नसेल तर दोष आळसाचा नाही, यादीच न बसणारी आहे. हे एकदा कागदावर दिसलं की अपराधीपणाचा मोठा भाग गळून पडतो.

मग यादीचे तीन गट करा. 'अ' गटातले निकाल पूर्ण वाचायचे: ज्यावर वर्गात चर्चा आहे किंवा जे त्या विषयाचा पाया आहेत. 'ब' गटात वादाचे मुद्दे, अंतिम आदेश आणि निर्णयामागची कारणमीमांसा एवढंच. 'क' गटात विश्वासू सारांश. पंधरा निकालांपैकी 'अ' मध्ये चारपाचच येतील. सगळेच 'अ' मध्ये टाकणं ही इथली मोठी चूक.

निकाल पहिल्या पानापासून वाचू नका. आधी मुद्दे, मग शेवटचा आदेश, मग कारणं, आणि तथ्यं शेवटी, हवी तेवढीच. प्रत्येक निकालाचं टिपण एका पानात. वाचून झालं की पुस्तक मिटून पाच ओळी आठवून लिहा. सुंदर अक्षरात तीन रंगांत उतरवून काढण्यापेक्षा आठवून लिहिण्याने जास्त टिकतं. टॉपरच्या नोट्सचं दोनशे पानी गाठोडं तर परीक्षेच्या आठवड्यात उघडूच नका. त्यातून समजतं फक्त आपण काय केलेलं नाही ते.

बसण्याचा तुकडा ५० मिनिटांचा, मग १० मिनिटं उभं राहणं, चालणं. आठवड्यातला अर्धा दिवस पूर्ण मोकळा. तो 'वेळ उरला तर' नसतो, आधी लिहायचा असतो.

*तपासा:* सलग दोन आठवडे योजना पूर्ण झाली नाही? स्वतःला दोष न देता योजना एक पंचमांश कापा.

ग्रंथालयातले 'किती झालं तुझं?' हे संभाषणही भारातच मोजा. 'चाललंय' एवढं उत्तर पुरतं. परीक्षेआधीच्या आठवड्यात वर्गाचा ग्रुप म्यूट करा आणि दिवसातून एकदा, ठरल्या वेळी पाहा.

टप्पा ५: विचारांना वेळ आणि मर्यादा

कायद्याचं शिक्षण तुम्हाला सर्वांत वाईट शक्यता शोधायला, प्रत्येक वाक्यातली फट काढायला, समोरच्याचा आक्षेप आधीच ओळखायला शिकवतं. कामासाठी हे उत्तम. हीच सवय रात्री स्वतःवर चालली की उलटतपासणी संपत नाही, कारण फिर्यादी आणि आरोपी एकच असतात आणि न्यायाधीश जागेवर नसतो.

पहिलं काम: चिंतेला रोज २० मिनिटांची ठरलेली वेळ द्या, झोपेच्या किमान दोन तास आधी. दिवसभर एखादी काळजी डोकं वर काढेल तेव्हा वहीत एक ओळ लिहा आणि हातातल्या कामाकडे वळा. ठरल्या वेळी ती यादी काढा. निम्म्या ओळी तोवर शिळ्या झालेल्या असतात.

उरलेल्यांपैकी एकच घ्या आणि असं लिहा:

१. *मुद्दा नेमका ठरवा.* 'मी वकिलीच्या लायकीचा नाही' यावर निर्णय देता येत नाही. 'मंगळवारच्या करार कायद्याच्या चाचणीत मी नापास होईन' यावर देता येतो.

२. *पुरावा दोन्ही बाजूंचा.* भीती वाटते हा नापास होण्याचा पुरावा नाही. 'सगळे म्हणतात पेपर अवघड असतो' हे ऐकीव. मागच्या दोन चाचण्यांचे गुण मात्र चालतील.

३. *निष्कर्ष टक्क्यांत.* 'नक्की नापास' ऐवजी 'तीस टक्के शक्यता'.

४. *आदेश.* येत्या २४ तासांत करायची एकच लहान कृती: 'प्रस्ताव आणि स्वीकृती यांवरचे दोन जुने प्रश्न सोडवणे'.

५. *अपील नाही.* त्याच विचाराची त्याच दिवशी पुन्हा सुनावणी घ्यायची नाही.

सावधान: काही जणांच्या बाबतीत असं लिहिण्याने विचार आणखी फिरू लागतात, विशेषतः पुन्हा पुन्हा खात्री करून घेण्याचा त्रास असणाऱ्यांच्या. आठवड्याभरात ही वेळ २० मिनिटांवरून तासावर गेली तर ही पद्धत थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

टप्पा ६: हादरवणारा मजकूर वाचताना

याबद्दल वर्गात फारसं कोणी बोलत नाही. लैंगिक अत्याचार, बालकांवरची हिंसा, कोठडीतले मृत्यू, शवविच्छेदनाचे अहवाल हे अभ्यासाचं साहित्य असतं. विधी सहाय्य केंद्रात तर ते सांगणारं माणूस समोर बसलेलं असतं. नकळत दिसणारी लक्षणं अशी: वाचलेलं दृश्य नको तेव्हा डोळ्यांसमोर येणं, नेहमीचा रस्ता टाळणं, किंवा उलट, काहीच न वाटणं आणि अशा घटनांवर विनोद सुचणं. बधिरपणाही लक्षणच आहे.

- असा निकाल दिवसा वाचा, रात्रीचं शेवटचं वाचन म्हणून नाही.
- आधी मुद्दे लिहा. मग तथ्यांचा भाग एकदाच वाचा आणि कायद्याच्या दृष्टीने लागणारी तथ्यं कोरड्या शब्दांत टिपा. पुढच्या वेळी निकाल नव्हे, ते टिपण उघडा.
- छायाचित्रं गरजेशिवाय उघडू नका. उघडावीच लागली तर लहान आकारात, कृष्णधवल करून.
- सलग ४५ मिनिटांवर थांबा आणि लगेच शरीर हलवा: जिना, फेरी, थंड पाण्याने तोंड धुणं.
- स्वतःच्या आयुष्यातल्या घटनेशी साम्य असेल तर शिक्षकाकडे पर्यायी निकाल मागा. 'वैयक्तिक कारणामुळे हा विषय सध्या हाताळता येणार नाही, समान काठिण्याचा दुसरा विषय द्यावा' एवढं पुरे. तपशील सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही.

विधी सहाय्य केंद्रातली मुलं गोपनीयतेच्या नियमामुळे पूर्ण गप्प होतात. नियम तेवढा कडक नाही. पक्षकाराचं नाव, तथ्यं, ओळख पटेल असं काहीही बाहेर सांगायचं नाही. पण 'आजच्या मुलाखतीनंतर माझे हात थरथरत होते' हे तुमच्याबद्दलचं वाक्य आहे, ते मित्राला सांगता येतं. तथ्यांसह बोलायचं असेल तर पर्यवेक्षक वकिलाकडे जा. स्वतःचा खाजगी नंबर पक्षकाराला देऊ नका. रात्रीचे फोन सुरू झाले की टप्पा ३ मध्ये कमावलेलं सगळं जातं.

टप्पा ७: मूट, तोंडी परीक्षा, पेपरचा दिवस

बोलण्याची भीती टाळल्याने वाढते, म्हणून चढत्या पायऱ्यांनी सराव करा: एका मित्रासमोर दोन मिनिटं, मग तिघांसमोर पाच, मग मध्येच प्रश्न विचारणाऱ्यांसमोर दहा. प्रत्येक पायरी भीती थोडी उतरेपर्यंत, साधारण तीन-चार वेळा. शब्दच सुचेनासे झाले तर म्हणायचं वाक्य पाठ ठेवा: 'संबंधित परिच्छेद पाहण्यासाठी क्षणभर अवधी मिळावा.' खंडपीठाला ते वावगं वाटत नाही.

छातीत धडधड, हात बधिर, आता मरणार असं वाटणं, हा घबराटीचा झटका असू शकतो. तो बहुधा दहा मिनिटांत शिखर गाठून ओसरतो. श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. शक्य असेल तर खोली सोडू नका. पळाल्याने पुढच्या वेळी झटका लवकर येतो. मात्र असा त्रास पहिल्यांदाच होत असेल तर डॉक्टरकडून हृदय तपासून घ्या.

सावधान: हात थरथरू नयेत म्हणून सीनिअरने दिलेली प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेऊ नका. दमा असणाऱ्याला ती घातक ठरू शकते.

पेपर संपल्यावर दाराबाहेर उत्तरं जुळवत उभं राहू नका. पुढच्या पेपरची झोप तिथेच जाते.

टप्पा ८: मदत मागणं

गुण १० किंवा जास्त आले, किंवा दोन आठवडे रोजची कामं अडत असतील, तर वेळ घ्या. बोलून मार्ग काढायचा तर समुपदेशक किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. औषधांची गरज आहे का हे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर ठरवतात. पहिला मेल तीन ओळींचा: काय होतंय, किती दिवस, कशावर परिणाम. 'तीन आठवड्यांपासून चार तासांपेक्षा जास्त झोप नाही, तासिका बुडताहेत, या आठवड्यात भेट हवी' हे 'बरं वाटत नाही' पेक्षा लवकर मार्गी लागतं. वहीतले आकडे सोबत न्या. पहिल्या भेटीत विचारा: गोपनीयतेला अपवाद कोणते, नोंदी कोण पाहू शकतं, कॉलेजला काय कळवलं जातं.

औषधं सुरू झाली तर नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठव्या दिवशी 'उपयोग नाही' म्हणून आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करणं, या दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात.

वकिलीच्या सनदेच्या (परवान्याच्या) अर्जात अडचण येईल या भीतीने अनेक जण उपचार टाळतात. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १५ लॉ स्कूलच्या पाहणीतही टाळण्यामागच्या मोठ्या कारणांत हेच होतं. नियम देशागणिक वेगळे आहेत, म्हणून सांगोवांगीवर न जाता अर्जातला प्रत्यक्ष प्रश्न वाचा. तो उपचारांबद्दल विचारतो की वर्तनाबद्दल, सध्याबद्दल की पूर्वीबद्दल? विचारलं असेल तर खोटं लिहू नका. उपचार घेण्यापेक्षा खोटी माहिती देणं जास्त अंगाशी येतं.

मुदतवाढ मुदतीआधी मागा आणि नेमकी मागा: 'थोडा वेळ' नव्हे, 'सात दिवस, अमुक तारखेपर्यंत'. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र. त्यात निदान लिहिणं आवश्यक आहे का हे आधी विचारा. बऱ्याचदा 'वैद्यकीय कारणास्तव' एवढं चालतं.

टप्पा ९: निकाल वाईट लागला तर

पहिले ४८ तास शिक्षण सोडण्याचा, विषय बदलण्याचा किंवा घरी लांबलचक कबुलीजबाब पाठवण्याचा निर्णय घेऊ नका. त्या रात्री एकटं झोपू नका. वहीतली झोप, चालणं आणि मनःस्थिती मात्र लिहीत राहा, आणि दोन्ही प्रश्नावल्या ठरल्या वाराची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी भरा. फेरतपासणी आणि उत्तरपत्रिकेची प्रत मिळवण्याची शेवटची तारीख तेवढी निकालाच्याच दिवशी पाहून, आठवण करून द्यायला एका मित्राला सांगून ठेवा.